चालवून घेतलेल्या पापाची किंमत कोण भरतं?

बंधू, सलाम.

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. यंदा तुम्ही पहिल्यांदाच तुमच्या मंडळीचे, म्हणजे चर्चचे, पंच (कारभारी समितीचे सदस्य) म्हणून निवडून आलात. मंडळीतले एक ज्येष्ठ वडील, निवृत्त हेडमास्तर, कित्येक वर्षं रविवारच्या अर्पणाचा आणि सुगीच्या सणाच्या लिलावाचा पैसा एकटेच सांभाळतात. वार्षिक सभेत हिशेब वाचला जात नाही. गरीब निधीतून त्यांनी नातलगांना उसने दिलेले पैसे परत आलेले नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तुम्ही विषय काढलात तेव्हा समितीतले लोक म्हणाले, ‘दोष काढू नका, प्रभू पाहून घेईल.’ आता तुम्ही मला विचारता की पाप त्यांचं आहे, जाबही तेच देतील, मग मंडळीचं त्यात नेमकं काय बिघडतं?

पत्राच्या शेवटी तुम्ही आणखी एक गोष्ट ओझरती लिहिली आहे. याच समितीने गेल्या वर्षी एका मुलीला प्रभुभोजनातून (भाकर आणि द्राक्षारसाच्या विधीतून) बंद केलं आणि गायनमंडळातूनही काढलं, कारण तिने हिंदू मुलाशी रजिस्टर लग्न केलं. तुम्ही ते वेगळं प्रकरण समजून लिहिलंय. मला ते वेगळं वाटत नाही, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

पाळकीय सेवेत माझी उमर गेली, बहुतेक नगर आणि बीडकडच्या मंडळ्यांत. बड्या माणसाचं पाप चालवून घेणारी मंडळी शिस्तच सोडून देते, असं मी कुठेही पाहिलं नाही. शिस्त असतेच. ती फक्त खाली सरकते. ज्याच्याकडे कपाटाची किल्ली, शिक्का आणि चार घरांची मतं, त्याला कोणी हात लावत नाही. मग आपण शुद्धतेबद्दल किती दक्ष आहोत हे दाखवायला कोणीतरी लागतंच, आणि ते कोणीतरी म्हणजे जिचा मामा समितीत नाही अशी मुलगी, दारू पिणारा मजूर, नाही तर नवऱ्याने टाकलेली बाई. तुमच्या समितीला ‘दोष काढू नका’ हे वचन हेडमास्तरांच्या वेळी आठवलं. त्या मुलीच्या वेळी ते कुठे गेलं होतं? तिचं लग्न योग्य की अयोग्य यावर बोलता येईल, पण तो विषय निराळा. इथे मुद्दा एवढाच, की एकाच टेबलाभोवती बसलेल्या त्याच माणसांनी दोन मापं वापरली.

आता ग्रीसमधल्या करिंथला चला, कारण या विषयावर नव्या करारातलं सगळ्यात थेट लिखाण तिथल्या मंडळीलाच आलेलं आहे. प्रेषित पौल करिंथात दीड वर्ष राहिला होता. गल्लियो तिथला सुभेदार असतानाची ती गोष्ट, साधारण इसवी सन 51-52 ची. पुढे इफिसात असताना त्याच्या कानावर आलं की मंडळीतल्या एकाने बापाची बायको ठेवली आहे. रोमन कायद्यालाही हे मंजूर नव्हतं. करिंथकरांस पहिल्या पत्राचा पाचवा अध्याय सावकाश वाचा आणि पौल रागावलाय कोणावर ते पाहा. त्या माणसाचं नाव नाही, वय नाही, त्याला उद्देशून एक ओळ नाही. सगळा रोख मंडळीवर आहे: तुम्ही फुगला आहात, तुम्हाला शोक करावासा वाटला नाही. थोडं खमीर सगळा गोळा फुगवतं, हे वाक्य तिथलंच.

मंडळी इतकी गप्प का होती? काही अभ्यासकांचा तर्क आहे की तो माणूस पैसेवाला, मंडळीला आश्रय देणारा असावा. सिद्ध करता येत नाही, पण मला तो पटतो, आणि पटण्याचं कारण पत्रातच पुढे आहे. सहाव्या अध्यायात भाऊ भावावर फिर्याद लावतोय. अकराव्या अध्यायात प्रभुभोजनाला जमलेल्यांपैकी एक भुकेला राहतो, एक पिऊन तर्र होतो, आणि ज्यांच्याकडे काही नाही त्यांना पौलाच्या शब्दांत लाजवलं जातं. आपण या अध्यायांवर वेगवेगळ्या रविवारी उपदेश करतो म्हणून ते सुटे वाटतात. पण मंडळी एकच आहे. वरच्याला सवलत देणारी मंडळी खालच्याला उपाशी ठेवते, हे त्या एका पत्रात सलग लिहिलेलं आहे.

त्याच पाचव्या अध्यायाच्या शेवटी पौल म्हणतो की बाहेरच्यांचा न्याय देव करील, आतल्यांचा तुम्ही करायचा आहे. आपण नेमकं उलटं करतो. उपदेशपीठावरून सिनेमा, मोबाईल, शेजाऱ्यांचे सण यांच्यावर तुटून पडतो आणि वेस्ट्रीतल्या (चर्चच्या कामकाजाच्या खोलीतल्या) हिशेबाच्या वहीबद्दल बोलत नाही.

वहीचा विषय निघालाच आहे तर ऐका. एका मंडळीत मी नव्याने गेलो तेव्हा उपासनेनंतर मोजणीला बसलो. दानाच्या पिशव्या टेबलावर ओतल्या, चिल्लर एकीकडे, नोटा एकीकडे, उपकारस्तुतीची पाकिटं तिसरीकडे. पाकिटांवर पेन्सिलीने लिहिलेलं असतं: नातवाच्या वाढदिवसानिमित्त, ऑपरेशन नीट झालं म्हणून. वहीत तारीख, रक्कम आणि सह्यांसाठी दोन रकाने होते. मागची पानं चाळली तर सुरुवातीला दोन सह्या दिसल्या. नंतर दोन्ही सह्या एकाच पेनाने, एकाच वळणाच्या. त्याच्याही नंतर दुसरा रकाना कोराच. कोणी काही लपवलं नव्हतं. ज्याला पाहायचं त्याला सगळं उघड होतं, आणि पाकिटं वर्षागणिक कमी होत गेलेली त्याच वहीत दिसत होती.

पुढच्याच आठवड्यात एक म्हातारी विधवा माझ्या दारात आली. पाटीभर ज्वारी आणि रुमालात बांधलेल्या नोटा. म्हणाली, ‘साहेब, तुमच्या हातात देते, पिशवीत नको.’ मी कारण विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही. तिची देवावरची श्रद्धा जागच्या जागी होती. मंडळीवरची गेली होती.

शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात एली याजकाच्या मुलांची हकिकत नेमकी हीच आहे. हफनी आणि फिनहास. लोक यज्ञ करायला आले, मांस शिजत असलं, की याजकाचा चाकर हातात तीन दातांचा काटा घेऊन यायचा, भांड्यात खुपसायचा आणि वर येईल ते न्यायचा. पुढे तर चरबी जाळायच्या आधीच कच्चं मांस मागायला लागले, देत नसशील तर हिसकावून नेईन म्हणाले. दर्शनमंडपाच्या दाराशी सेवा करणाऱ्या बायकांशी ते काय करत, तेही लिहिलेलं आहे. आणि या सगळ्याचा पहिला परिणाम शास्त्र सांगतं तो असा, की लोकांना परमेश्वराच्या अर्पणाचाच वीट आला. युद्ध, देवाच्या कराराचा कोश शत्रूच्या हाती जाणं, तीस हजार पायदळ पडणं हे सगळं नंतरचं. आधी साध्या माणसाचं मन देण्यावरून उडालं.

एली काही वाईट माणूस नव्हता. त्याने मुलांना बोलावून सुनावलंही होतं. म्हणून तुमच्या समितीतला कोणी ‘आम्ही त्यांना एकदा बोललो होतो’ असं म्हणाला तर त्याला तिसरा अध्याय दाखवा. एलीवरचा ठपका ‘बोलला नाही’ असा नाही, ‘आवरलं नाही’ असा आहे. आणि दुसऱ्या अध्यायात देवाचा माणूस त्याला आणखी एक बोचणारी गोष्ट सुनावतो, की इस्राएलाच्या अर्पणातल्या उत्तम भागावर तुम्ही सगळे पुष्ट झालात. तुम्ही सगळे, म्हणजे त्यात एलीही आला. चौथ्या अध्यायात तो पडून मरतो तेव्हा त्याचं अंग जड होतं असा खास उल्लेख आहे. काट्याने उचललेलं मांस त्याच्याही ताटात येत होतं. तुमच्या समितीत कोणाच्या मुलाच्या फीसाठी, कोणाच्या घराच्या पत्र्यांसाठी त्या निधीतून मदत झाली आहे, हे पाहून ठेवा. ‘प्रभू पाहून घेईल’ हा सूर कुठून येतो ते कळेल.

पैशापुरतं हे राहत नाही, म्हणून दूरचं पण कागदोपत्री सिद्ध झालेलं एक उदाहरण देतो. अमेरिकेतल्या बोस्टनच्या कॅथलिक धर्मप्रांतात जॉन गेगन नावाचा याजक लहान मुलांवर अत्याचार करत होता. वरिष्ठांना माहीत होतं. 1982 साली एका बाईने खुद्द तेव्हाच्या कार्डिनलना, म्हणजे धर्मप्रांताच्या प्रमुखांना, पत्र लिहून आपल्या घरातल्या मुलांचं काय झालं ते कळवलं होतं. तरी त्याची एका पॅरिशमधून दुसऱ्या पॅरिशमध्ये बदली होत राहिली. जानेवारी 2002 मध्ये बोस्टन ग्लोब या वर्तमानपत्राने हे छापलं, तोवर त्याच्यावर आरोप करणाऱ्यांची संख्या 130 च्या वर गेली होती. डिसेंबरात कार्डिनल बर्नार्ड लॉ यांना राजीनामा द्यावा लागला, आणि 2003 मध्ये धर्मप्रांताने साडेपाचशेच्या आसपास पीडितांना साडेआठ कोटी डॉलर द्यायचं कबूल केलं. पैसे गेले याचं मला काही वाटत नाही. 1982 नंतर ज्या मुलांच्या वाट्याला तो माणूस आला, त्यांच्यासाठी ते पत्र वेळेत पोचलेलं होतं. उघडून वाचलेलंही होतं.

आपण प्रॉटेस्टंट मंडळी हे वाचून मान हलवतो, ‘त्यांच्यात असतंच’ म्हणतो. तर अमेरिकेतल्याच सदर्न बॅप्टिस्ट या प्रॉटेस्टंट मंडळ्यांच्या संघाचं पाहा. मे 2022 मध्ये त्यांनी स्वतः नेमलेल्या चौकशीचा अहवाल आला. त्यात निघालं की मध्यवर्ती कार्यालयातल्या लोकांनी सातशेहून अधिक आरोपितांची यादी वर्षानुवर्षं खाजगीत करून ठेवली होती, आणि तक्रार घेऊन येणाऱ्यांना सांगितलं जायचं की प्रत्येक मंडळी स्वतंत्र आहे, आम्हाला अधिकार नाही. आपल्याकडे गल्लोगल्ली निघालेल्या स्वतंत्र सहभागितांमध्ये याहून वेगळं उत्तर मिळेल असं मला वाटत नाही.

आणि भारतातल्या मंडळीने सगळ्यात जास्त काळ चालवून घेतलेलं पाप तर आपण पाप म्हणून मोजतही नाही. तंजावर, तरंगमबाडीकडच्या जुन्या मंडळ्यांत जातीप्रमाणे वेगळं बसणं चालू होतं. तंजावरचे आपले सरफोजी राजे ज्या मिशनरी श्वार्ट्झसाहेबांच्या देखरेखीखाली शिकले, त्यांच्या काळातही ते होतं. मिशनरी भले लोक होते. त्यांना वाटलं, हळूहळू जाईल. गेलं नाही. 1833 साली कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी पत्रक काढून हे ताबडतोब आणि कायमचं बंद करा म्हटलं, तेव्हा तरंगमबाडीच्या मिशनला सव्वाशे वर्षं होऊन गेली होती. तंजावर आणि मद्रासच्या वेपेरीकडची बरीच माणसं मंडळीतून उठून गेली. सव्वाशे वर्षांत ती गोष्ट त्यांच्या लेखी पाप राहिलीच नव्हती, वहिवाट झाली होती. आपल्याकडेही ‘मूळचे कोण’ हा प्रश्न सोयरीक जमवताना अजून विचारला जातो, आणि त्यासाठी कोणाला प्रभुभोजनातून बंद केल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

इथे एक सावधगिरी सांगतो. हे सगळं वाचून कोणी आखानाची गोष्ट काढेल. यहोशवाच्या सातव्या अध्यायात एकाने झगा, रुपं आणि सोन्याची वीट तंबूत पुरली आणि आय नगरापुढे 36 माणसं पडली, ज्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. गोष्ट खरी. पण आखानाचं पाप लपलेलं होतं, करिंथातलं सगळ्यांना माहीत होतं. मंडळीला जाब विचारला जातो तो माहीत असलेल्याचा. हा फरक विसरला की पाऊस लांबला, कोणाचं मूल आजारी पडलं, की ‘मंडळीत कोणीतरी आखान आहे’ म्हणत लोक एकमेकांच्या घरात डोकावू लागतात. असली शोधमोहीम मी एका गावात पाहिली आहे. शेवटी बोट एका विधवेवर आलं. तेच, शिस्त खाली सरकते.

आता ज्याचं पाप आहे त्याच्याबद्दल. त्याला सांभाळून घेण्यात प्रेम आहे असं तुमच्या समितीला वाटतं. माझा अनुभव निराळा आहे. एका मंडळीत खजिनदाराने लिलावाची रक्कम मुलीच्या लग्नात वापरली. कळल्यावर पंधरवड्याच्या आत मी आणि एक पंच त्याच्या घरी गेलो. तो रडला वगैरे नाही, उलट चिडला. चहा न देता आम्हाला घालवलं. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा त्याच्या बायकोने वही आणून पुढे ठेवली. हप्ते ठरले, प्रत्येक हप्त्याची पावती मंडळीच्या नावाने फाडली, आणि रक्कम फिटेपर्यंत त्याने मोजणीला बसायचं नाही असं समितीत त्याच्यासमोर ठरलं. वार्षिक सभेत आकडा वाचला. रक्कम फिटली त्याच्या पुढच्या रविवारी शास्त्रपाठ वाचायला त्याचं नाव लावलं. तो आजही त्या मंडळीत आहे, त्याची मुलंही आहेत. तुमच्या हेडमास्तरांना अकरा-बारा वर्षांपूर्वी असं कोणी विचारलं असतं तर रक्कम चार आकडी असती आणि माफी मागणं शक्य कोटीतलं असतं. आता त्यांना सगळं गाव जमवून पडावं लागेल. ही वेळ त्यांच्यावर मंडळीच्या गप्प बसण्याने आणली आहे.

करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पौल लिहितो की बहुतेकांनी दिलेली शिक्षा पुरे झाली, आता त्याला क्षमा करा, धीर द्या, नाही तर तो दुःखात बुडून जाईल. तो माणूस पहिल्या पत्रातलाच की दुसरा, यावर पंडितांचं एकमत नाही, पण आपल्या कामाला तेवढं पुरतं. क्षमा द्यायला आधी काय झालं ते म्हणावं लागतं. तुमची समिती ज्याला क्षमा म्हणते त्यात अजून कोणी ‘पैसे घेतले’ हे तीन जणांसमोर उच्चारलेलंही नाही.

‘दोष काढू नका’ बद्दल इतकंच सांगा की मत्तयाच्या शुभवर्तमानातला तो सातवा अध्याय पहिल्या ओळीवर संपत नाही. आधी आपल्या डोळ्यातलं मुसळ काढ, म्हणजे भावाच्या डोळ्यातलं कुसळ काढायला तुला स्पष्ट दिसेल, असं प्रभूच पुढे म्हणतो. कुसळ काढायचंच आहे.

तर तुम्ही काय करायचं? मत्तय 18 चा क्रम पाळा. आधी एकटे जा. मोबाईल घरी ठेवून जा, रेकॉर्डिंगचा मोह नको. हेडमास्तरांना सर म्हणा, जसे आजवर म्हणत आलात तसे, आणि आकडा विचारा. ऐकीव गोष्टी बोलू नका. काही निष्पन्न झालं नाही तर दोघांना घेऊन जा, त्यातला एक असा असू द्या ज्याने त्या निधीतून कधी काही घेतलेलं नाही. मग लेखी पत्र समितीला, पाळकांच्या नावे, पोच घेऊन. मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक अक्षर टाकू नका. वडिलांवरचा आरोप दोघातिघांच्या साक्षीशिवाय घेऊ नको असं पौलाने तरुण पाळक तीमथ्याला सांगितलंय, आणि लगेच पुढच्या वचनात, पाप करत राहणाऱ्यांना सर्वांसमोर दोष दे असंही सांगितलंय. दोन्ही वचनं बरोबर न्या.

एक अपवाद आहे आणि तो पक्का लक्षात ठेवा, कारण पंच म्हणून कधी ना कधी तुमच्यासमोर येईल. बाब लहान मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची असेल तर हा क्रम लागू नाही. तिथे ‘आधी एकांतात जाऊन भेट’ नाही, समितीची बैठक नाही, दोन्ही घरं समोरासमोर बसवणं तर नाहीच. 2012 च्या पॉक्सो कायद्याच्या 19 व्या कलमाने माहिती असणाऱ्या प्रत्येकावर पोलिसांना कळवण्याची जबाबदारी टाकली आहे. न कळवणाऱ्याला 21 व्या कलमाखाली सहा महिन्यांपर्यंत, आणि संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाबद्दल कळवलं नसेल तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. मत्तय 18 चा आधार घेऊन असली प्रकरणं दाबली गेल्याचं मी पाहिलं आहे. त्याच अध्यायात वर सहाव्या ओवीत, या लहानांतल्या एकाला जो अडखळवील त्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधून समुद्रात बुडवणं बरं, हे आहे. ते वाचायचं राहून जातं.

पैशाच्या बाबतीत कोणी म्हणेल, करिंथकरांस पहिल्या पत्राचा सहावा अध्याय कोर्टात जाऊ नका म्हणतो. हिशेब तपासून घेणं म्हणजे कोर्टात जाणं नव्हे. तुमची मंडळी ज्या न्यासाखाली नोंदलेली आहे त्याला 1950 च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याप्रमाणे दरवर्षी लेखापरीक्षण करून घ्यावंच लागतं. आणि पौल स्वतः यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी नेत होता तेव्हा मंडळ्यांनी निवडलेली माणसं बरोबर घेऊन गेला, का, तर एवढ्या मोठ्या रकमेबद्दल कोणी बोट दाखवू नये. दुसऱ्या पत्राचा आठवा अध्याय. दोन सह्यांचा रकाना प्रेषितालाही लागत होता.

म्हणून माझं सांगणं असं की येत्या बैठकीत हेडमास्तरांचा विषय काढूच नका. तीन ठराव मांडा: मोजणीला दर रविवारी दोन घरांतले दोघे, आळीपाळीने, महिन्याचा जमाखर्च सूचनाफलकावर, आणि गरीब निधीतून समितीतल्या माणसाच्या नातलगाला मदत द्यायची तर त्याने त्या वेळी बाहेर बसायचं. यात कोणाचं नाव नाही. कोण विरोध करतो ते बघा, इतिवृत्तात लिहून घ्या. चौथा ठराव त्या मुलीचा. तिला प्रभुभोजनातून बंद करताना तिचं म्हणणं ऐकून घेतलं होतं का, हे विचारा. नसेल, तर तो निर्णय आधी मागे घ्या, आणि तिला ते सांगायला समितीच्या अध्यक्षांना तिच्या घरी पाठवा. हेडमास्तरांकडे जाल तेव्हा तुमच्या शब्दाला वजन यायचं असेल तर हे त्याच्या आधी झालेलं बरं.